रुतक्यांचं गाणं

चाचांना जगात एकाच गाण्याचा राग होता, आणि ते गाणं त्यांच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं. नुसतं पाठ नव्हे, ते त्यांच्याकडे एक्केचाळीस प्रकारांनी लिहून ठेवलेलं होतं, तारीखवार, तांबड्या-निळ्या पेन्सिलीनं, आमच्या शिपिंग कंपनीच्या मालमोजणीच्या कागदांवर. कंपनीला याचा पत्ता नव्हता. असता तरी कुणी काही बोललं नसतं, कारण देऱ्याच्या धक्क्यावर चाचांइतकी चोख मोजणी करणारा दुसरा टॅली क्लार्क नव्हता.

ही साठच्या दशकातली गोष्ट. दुबई तेव्हा खाडीच्या दोन काठांवर बसलेलं गाव होतं. इकडे देरा, तिकडे बर दुबई, मधून माणसांना चार पैशांत पलीकडे नेणाऱ्या अब्रा नावाच्या होड्या. मोठी बोट बाहेर समुद्रातच नांगर टाकायची आणि माणसं काय, कांद्याच्या गोणी काय, सगळे एकाच बार्जमधून धक्क्याला लागायचे. मी असाच गोणींबरोबर उतरलो. धक्क्यावर एक उंच, वाळलेला माणूस उभा होता. दोन्ही कानांवर दोन पेन्सिली, हातात फळी, काखेत छत्री. त्यानं आधी गोणी मोजल्या, मग आम्हाला मोजलं, आणि माझ्यापाशी थांबला.

"रत्नागिरीचा काय?"

"होय."

"तुमच्याकडं लगनात बायका गलबताचं गाणं म्हणतात?"

"आम्ही शहरातले. आमच्याकडे बँड येतो."

"म्हणजे उपयोगाचा नाय," असं म्हणून त्यांनी फळीवर काहीतरी खूण केली आणि पुढच्याकडे वळले. संध्याकाळी कळलं की आमची कंपनी एक, खोली एक, आणि पुढची चार वर्षं मला या माणसाच्या, म्हणजे चाचांच्या, शेजारच्या खाटेवर झोपायचं आहे.

चाचा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका खाडीकाठच्या गावचे. त्यांचे आजोबा तांडेल, म्हणजे गलबताचे कप्तान. या आजोबांनी एकदा लग्नाचं वऱ्हाड खाडीपलीकडे नेताना एक पराक्रम केला. अर्ध्या खाडीत गेल्यावर त्यांना आठवलं की पानाचा डबा घरी राहिला. पानाशिवाय त्यांना सुकाणू धरवत नसे. त्यांनी वऱ्हाडासकट गलबत मागे फिरवलं, डबा घेतला, पुन्हा निघाले, आणि तोवर ओहोटी लागली. गलबत गाळात रुतलं ते दुसऱ्या भरतीपर्यंत. नवरा गलबतात, नवरी पलीकडे, पोलाव पातेल्यात. या प्रसंगावर गाणं झालं आणि ते पंचक्रोशीत हळदीला म्हटलं जाऊ लागलं.

वऱ्हाड निघालं खाडीतून, गो बाय, वऱ्हाड निघालं खाडीतून,
पानाचा डबा राह्यला घरा, तांडेल फिरला मधून.

गलबत रुतलं गाळात, गो बाय, गलबत रुतलं गाळात,
पोलाव सुकला पातेल्यात, नवरी रडली घरात.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण गावानं या घराला कायमचं नाव दिलं, 'रुतके'. चाचा शाळेत रुतक्यांचा, मशिदीत रुतक्यांचा, आणि पोस्टमन सुद्धा आडनाव वाचायच्या भानगडीत न पडता पत्र रुतक्यांकडे टाकायचा. लहानपणापासून गावात कुठेही हळद असली आणि बायकांनी ते गाणं उचललं की चाचा मांडवातून उठून जायचे. पुढ्यातलं ताट टाकून जायचे. फक्त स्वतःच्या लग्नात त्यांना उठता आलं नाही. तेव्हा ते फुलांच्या सेहऱ्याआड दोन्ही कानांत बोटं घालून बसले होते, असं त्यांनीच मला सांगितलं.

चाचांचं म्हणणं असं की हे गाणं मुळात त्यांच्या आजोबांचं नाहीच. ते फार जुनं आहे, दुसऱ्या कुठल्यातरी बंदराचं आहे, आणि कुणीतरी दुष्टाव्यानं ते आजोबांच्या नावावर उतरवलं. आता हे सिद्ध करायचं तर गाण्याचं मूळ बंदर शोधायला हवं. आणि त्यासाठी दुबईच्या खाडीसारखी जागा नाही, कारण कच्छपासून मलबारपर्यंतची सगळी गलबतं इथे येतात. एकदा मूळ सापडलं की गावच्या जमातीकडे अर्ज करायचा, सोबत पुरावे जोडायचे, आणि ठराव करून घ्यायचा की यापुढे हे गाणं रुतक्यांच्या नावानं म्हणू नये. अर्जाचा मसुदा मी वाचला होता. त्यात 'सदर गाणे' हे शब्द चौदा वेळा होते.

त्यामुळे आमच्या खोलीत खलाशी येत. चाचा त्यांना गलबतावरून गोड बोलून आणायचे, खाटेवर बसवायचे, चहा द्यायचे आणि म्हणायचे, "यल्ला, गलबताचं बोल." खलाशी गायचा. चाचा दोन्ही कानांवरच्या पेन्सिली काढून तयार. गाण्याची नोंद ते मालासारखीच करत. 'कडवी चार. तिसरे फुटके. चाल भिजलेली.' 'पानाचा डबा नाही, त्याऐवजी हुक्का.' 'तांडेलाऐवजी सासू.' 'गलबत रुतत नाही, उडते. माल संशयास्पद.' बाणकोटच्या एका म्हाताऱ्यानं एकच कडवं सहा वेळा म्हटलं, तर त्याखाली शेरा होता, 'नग एक, पाच वेळा पुन्हा मोजू पाहिला.'

एकदा त्यांनी चूक केली. खलाशांना उत्तेजन म्हणून दर कडव्यामागे एक खबूस, म्हणजे तिथली तंदूरची रोटी, आणि एक कप चहा असा भाव जाहीर केला. ही बातमी खाडीभर झाली. पुढच्या जुम्म्याला आमच्या दारात अकरा खलाशी बसलेले. गाणं वाढत वाढत एकोणीस कडव्यांवर गेलं. त्यातल्या एका कडव्यात वऱ्हाडाला दुबईत एक दयाळू चाचा भेटतो आणि सगळ्यांना चहा पाजतो. चाचा शेवटपर्यंत गंभीरपणे लिहीत राहिले. मग सगळे गेल्यावर तांबडी पेन्सिल घेऊन त्यांनी पंधरा कडव्यांवर काट मारली आणि शेरा लिहिला, 'बिलापेक्षा माल जास्त उतरला. परत पाठवावा.'

मी म्हटलं, "चाचा, चहा साखरेसकट गेला."

"जाऊ दे. चार कडवी खरी मिळाली. फोर आउट ऑफ नाइन्टीन. व्यापारी याच्यावर खूश असतो."

याच सुमारास आमच्या आयुष्यात अमेरिकन साहेब आला. समुद्रात तेल शोधणाऱ्या एका कंपनीतला हा लांबलचक, उन्हानं लालबुंद झालेला गृहस्थ. त्याचं एक खोकं गोदामात हरवलं होतं. चाचांनी दोन दिवस गोदाम उपसून ते काढून दिलं. त्यात ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या. एकही फुटलेली नव्हती, म्हणून साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं आम्हा दोघांना घरी बोलावलं.

त्याच्या देशात पूर्वी काळे मजूर कापसाच्या शेतात राबत, त्यांची ती गाणी होती. ब्लूज म्हणतात असं तो म्हणाला. त्यानं एक तबकडी लावली. कुणीतरी घोगऱ्या आवाजात नदीला आलेल्या पुराबद्दल गात होता. मग दुसरी लावली, तर तेच गाणं, पण बाई गात होती आणि नदी वेगळी होती. तिसऱ्यात नदीच नव्हती, बायको पळून गेली होती. साहेब म्हणाला, माझ्याकडे हे एकच गाणं सात जणांचं आहे, आणि मी दहा वर्षं याचं मूळ शोधतोय.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिला नव्हता. परक्या मुलखात सख्खा भाऊ भेटावा तसे ते साहेबाकडे सरकून बसले. चाचांचं इंग्रजी सगळं बंदरातलं. त्यांनी विचारलं, "साहेब, धिस ऑल कॉपी. ओरिजिनल कुठाय?"

साहेब म्हणाला की ज्या म्हाताऱ्याकडून मी पहिल्यांदा हे गाणं ऐकलं, त्याला मी हेच विचारलं होतं. तो म्हणाला, ओरिजिनल आत्ता माझ्या तोंडात आहे.

"असं बंदरात चालत नाय," चाचा मला मराठीत म्हणाले. मग पुन्हा साहेबाला, "नि फर्स्ट लाइन डबल का? माल एकदाच मोजायचा."

साहेब हसून म्हणाला, "दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत तिसरी ओळ सुचते."

 खोलीवर येऊन चाचांनी मोठ्या आवाजानं घसा साफ केला आणि म्हणाले, "आपल्यात पण पहिली ओळ डबल." मी म्हटलं, असेल. ते म्हणाले, "असेल नाय, हाय. दाभोळहून पूर्वी झांजिबारला माल जायचा. झांजिबारहून माणसं पुढं नेली गोऱ्यांनी." पुढचे पंधरा दिवस ते नकाशा घेऊन बसले होते. त्यांच्या हिशेबानं अमेरिकेतली ही सगळी गाणी दाभोळ बंदरातून चढलेली होती आणि वाटेत पानाचा डबा तेवढा पडला होता.

हे सगळं गमतीचं होतं, पण मागे एक गोष्ट होती ती गमतीची नव्हती. चाचांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. एकुलती एक मुलगी. चाचा पाच वर्षं घरी गेले नव्हते. शेवटचे गेले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. बकरी ईदनंतर लग्न, आणि चाचांनी घरी लिहून टाकलं होतं की हळदीला ते गाणं होणार असेल तर मी येणार नाही. त्यावर चाचींचं उत्तर आलं. ते त्यांनी मला दाखवलं, कारण रागात त्यांना अक्षर नीट लागत नव्हतं. त्यात लिहिलं होतं, 'लग्न ठरले आहे. गाणेही ठरले आहे. तुमचे तेवढे कळवावे.'

म्हणून घाई होती. ईदच्या आत मूळ बंदर सापडलं, जमातीचा ठराव झाला, तर चाचा ताठ मानेनं मुलीच्या लग्नात उभे राहणार होते. नाहीतर नाही. हे ते इतक्या शांतपणे सांगत की त्यांना हलवून शुद्धीवर आणावंसं वाटे. "इन्शाल्ला, मिळेल पुरावा," म्हणायचे, आणि पुन्हा धक्क्यावर जाऊन नव्या गलबताची वाट बघत उभे राहायचे.

पुरावा मिळाला तो सांदणांच्या डब्यामुळे. बर दुबईत मुरुडकडचं एक कोकणी कुटुंब होतं, कापडाच्या दुकानाचं. त्या घरातल्या वयस्कर बाईंना सगळे खाला म्हणत. आम्हा एकट्या राहणाऱ्या कोकण्यांना त्या जुम्म्याला सांदणं पाठवायच्या. मी रिकामा डबा परत द्यायला गेलो, तेव्हा दारातच त्यांनी विचारलं, "तुझा तो चाचा खलाशांना चहा कशापायी पाजतो?"

मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता खाला भिंतीला टेकल्या, मग खाली बसल्या, मग ओढणी तोंडाला लावून इतक्या हसल्या की आतून त्यांची सून पाणी घेऊन धावत आली.

"बोलव त्याला," खाला म्हणाल्या. "नि ते कागद घेऊन ये म्हणावं."

चाचा इस्त्रीचा कोट घालून आले. काखेत फाइल, छत्री बाहेर ठेवली. खाला चौकटीआतल्या चटईवर, आम्ही ओट्यावर.

"किती जमवलंस?"

"एक्केचाळीस."

"कुणाकडनं?"

"खलाशांकडनं. फर्स्ट क्लास माणसं. सगळ्या बंदरांतली."

"पुरुषांकडनं?"

"मग? गलबतावर बायका कुठं असतात?"

"गाणं कोण म्हणतं?"

"बायका," चाचा म्हणाले.

"मग पुरुषांना काय म्हाईत? ते मांडवाच्या भायेर बिड्या ओढीत बसलेले असतात. जे कानावर पडलं ते पडलं. उरलेलं पदरचं घालून म्हणतात. तुझ्या एक्केचाळिसांत एक तरी मांडवाच्या आत बसला होता काय?"

चाचांनी फाइल उघडली आणि पुन्हा मिटली. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही आली नव्हती. दुबईत आम्ही सगळे पुरुषच होतो. पुरुषांनाच विचारायचं, पुरुषांनीच सांगायचं, याची इतकी सवय झाली होती की वेगळं काही सुचतच नव्हतं.

मग खालांनी सांगितलं. त्यांची नानी त्याच गावची होती आणि त्या गलबतात होती. गलबत रुतलं तेव्हा वऱ्हाडातले पुरुष खवळले. नवऱ्याचा मामा वल्हं उचलून तांडेलाच्या अंगावर धावला. गलबतात तांडेलाची बायकोही होती, चाचांची दादी, म्हणजे आजी. तिनं नवऱ्यापुढं उभं राहून मोठ्यानं पहिली ओळ उचलली, 'वऱ्हाड निघालं खाडीतून, गो बाय'. बायकांना हसू फुटलं. तिनं दुसऱ्यांदा तीच ओळ म्हटली, तोवर तिला डब्याची ओळ सुचली. मग पुरुष हसले, आणि शेवटी मामानं वल्हं खाली ठेवलं.

"तुझ्या दादाचा जीव वाचला त्या गाण्यानं," खाला म्हणाल्या. "म्हणून दादीनं रिवाज घातला. ज्याच्या नावाचं कडवं, त्याच्याच घरच्या बाईनं पहिली ओळ उचलायची. तिनं नाय उचलली तर कुणी म्हणायचं नाय. परकी उचलील तर ती शिवी होते."

 चाचा हळूहळू काहीतरी जुळवत होते. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती.

"म्हणजे," ते म्हणाले, "आजपत्तुर प्रत्येक लगनात पहिली ओळ..."

"आधी तुझी दादी. मग तुझी आय. नि आता तुझी बायको. दुसरं कोण?"

चाचांनी सुनेनं आणलेलं पाणी एका दमात संपवलं आणि उठले. छत्री तिथंच राहिली, ती मी घेतली. अब्रात ते माझ्याकडे पाठ करून बसले. देऱ्याला उतरल्यावर म्हणाले, "खलास. केस हरलो. माल घरातूनच चढलेला."

मी म्हटलं, "पण चाचा, हे चांगलंच झालं ना? ते गाणं वाईट नाही. तुमच्या आजोबांना वाचवायला केलेलं आहे."

"दादीनं दादाला वाचवलं, कबूल. माझ्या बायकोनं कुणाला वाचवायचं होतं? मी ताट सोडून उठून जायचो. लोक बघायचे. नि ही आत बसून पहिली ओळ उचलायची. वीस वर्षं एका शब्दानं बोलली नाय."

"तुम्ही कधी विचारलंत?"

 दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी पत्र टाकलं. तिकीट लावायला माझ्याकडे दिलं तेव्हा मी वाचलं. 'सर्व समजले. मी येत नाही.' एवढंच. मला त्यांचा फार राग आला. इतका हुशार माणूस, एवढ्या बारकाईनं मोजणारा, आणि मुलीचं लग्न हे एकदाच होतं एवढंही त्याला मोजता येऊ नये. मी तसं तोंडावर म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "हबीबी, तुमच्याकडं बँड येतो. तुला नाय कळायचं."

माझी रजा लग्नाच्याच महिन्यात होती. साहेबाला हे कळल्यावर त्यानं आपला बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर माझ्या हाती दिला. काय वाटेल ते कर, पण ते गाणं बायकांच्या तोंडून आण, म्हणाला. मी बोटीनं मुंबई आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं चाचांच्या गावी पोचलो तो हळदीच्या दिवशी सकाळी.

चाची ठेंगण्या, गोल, आणि भराभर चालणाऱ्या होत्या. मला बघून त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"आले नायत ना?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. मी यंत्र दाखवलं, कुठली कळ दाबायची ते सांगितलं. त्यांनी ते तान्ह्या मुलासारखं उचललं आणि बायकांच्यात घेऊन गेल्या. मी बाहेर पुरुषांत बसलो. आत गाणी सुरू झाली, हशा पिकला, मध्येच एकदम सामसूम झाली, पुन्हा हशा पिकला. शब्द काही लागले नाहीत. शेजारच्यानं माझ्यापुढे बिडी केली आणि मी ती घेतली.

संध्याकाळी यंत्र परत देताना चाचींनी मला दोन-चार गोष्टी सांगितल्या. त्या मी चाचांना सांगाव्यात असं त्या म्हणाल्या नाहीत. सांगू नयेत असंही म्हणाल्या नाहीत.

दुबईला परतल्यावर चाचा दोन दिवस यंत्राकडे बघायला तयार नव्हते. कामावर जाताना त्याला वळसा घालून जात. तिसऱ्या दिवशी जुम्मा होता. नमाजाहून आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "साहेबाला परत द्यायच्या आधी चेक करायला पायजे. उद्या म्हणेल बिघडवून आणलं."

मी कळ दाबली. आधी कोंबड्या ओरडल्या. मग चाचींचा आवाज, "चालू झालं काय गो?" मग कुणीतरी, "त्याला हात लावू नको." मग बांगड्यांचा आवाज, ढोलकीवर एक थाप, आणि सगळं शांत झालं. चाचा पुढे झुकले. ते बायकोच्या आवाजाची वाट बघत होते. पुरावा पकडायचा असला की ते असेच झुकत.

वऱ्हाड निघालं खाडीतून, गो बाय.

आवाज चाचींचा नव्हता. कोवळा होता, जरा घाबरलेला, पण स्वच्छ.

"ही कोण?" चाचांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खरोखरच विचारत होते.

"तुमची मुलगी, चाचा."

"नवरी गात नाय. नवरी मान खाली घालून बसते."

"चाची म्हणाल्या, ती आजच्यापुरतीच या घरची होती. उद्यापासून तिला पहिली ओळ उचलायचा हक्क राहणार नव्हता. म्हणून तिनं आईकडून मागून घेतली."

 यंत्रात बायकांनी साथ धरली होती. वऱ्हाड निघालं, डबा राहिला, गलबत रुतलं, पोलाव सुकला. सगळं एक्केचाळीस वेळा ऐकलेलं. मग बायका थांबल्या आणि पुन्हा तो एकटा आवाज आला. हे कडवं चाचांच्या फाइलीत नव्हतं.

वाळूत रुतला दुबईच्या, गो बाय, वाळूत रुतला दुबईच्या,
लेक निघाली सासरला, बाप मोजतो गोणी दुसऱ्याच्या.

बायका हसल्या. खूप हसल्या. त्या हसण्यात नवरीचा आवाज नव्हता. मग गाणं संपलं आणि फीत नुसती फिरत राहिली.

"परत लाव," चाचा म्हणाले.

मी तीन वेळा लावलं. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळ्यांवर हात धरला होता. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी खिडकीपाशी जाऊन खाडीतल्या गलबतांकडे बघत उभा राहिलो. मागून त्यांचा आवाज आला, नेहमीसारखाच, कामाचा.

"मुंबईची बोट कधी हाय?"

कंपनीत त्यांनी रजेचा अर्ज दिला. पाच वर्षांत पहिलाच. त्यात 'सदर' हा शब्द एकदाही नव्हता. बोट निघाली त्या दिवशी गोणी मोजायला मी उभा होतो आणि चाचा बार्जमध्ये माणसांत बसले होते.

दोन महिन्यांनी परत आले. थोडे भरले होते, रंगही उजळला होता. चाचींबद्दल विचारलं तर म्हणाले, "बोलत नव्हती चार दिवस. मग मीच बोललो." मुलीबद्दल मी विचारलं नाही. ते आपण होऊन सांगतील अशी खात्री होती, आणि सांगितलंही, धक्क्यावर, मंगलोरी कौलांची मोजणी चालू असताना, कौलांवरची नजर न काढता.

"तिच्या सासरी गेलो. खाडीपलीकडं. दारात उभा राह्यलो. आत बायका काम करीत होत्या. म्हटलं, आता काय बोलायचं? माफी मागायची तर ती कशी मागतात म्हाईत नाय."

"मग?"

"रिवाज तर म्हाईत होता. घरच्या बाईनं उचलायची. तिथं आपल्या घरची बाई कोण? कुणी नाय. तिचा पण हक्क गेलेला. मग मीच उचलली."

"काय उचललंत?"

"पहिली ओळ. वाळूत रुतला दुबईच्या."

"तुम्ही गायलात?"

"कोंबड्या पळाल्या. व्याही चपला न घालता भायेर आले. बोलले, काय झालं, कुणी मेलं काय?" चाचांनी फळीवर पाचाची रेघ आडवी मारली. "मी थांबलो. एवढीच येत होती मना. मग आतून तिनं तीच ओळ दुसऱ्यांदा म्हटली."

बार्जमधला हमाल कौलं घेऊन थांबला होता. चाचा त्याला मोजत नव्हते.

"आणि तिसरी?" मी विचारलं.

"तिसरी कुणालाच म्हणता आयली नाय," चाचा म्हणाले.